अँटी-रोल बार

मोटारगाडीच्या एकाच आसावरची डावी-उजवी चाके एकमेकांशी जोडणारा आणि वळणावर गाडीच्या सांगाड्याला येणारा झोक आवरणारा पोलादी दांडा. स्टॅबिलायझर बार, स्वे बार ही त्याचीच नावे. रस्त्यावरची पकड आणि वळणावरची वागणूक सुधारण्यासाठी सस्पेंशनचे, म्हणजे चाके आणि सांगाडा यांमधल्या लवचीक जोडणीचे, जे भाग बदलले जातात, त्यांत स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या बरोबरीने याचा विचार होतो. सरळ रस्त्यावरचा आराम फारसा न घालवता वळणावर जाणवेल असा फरक पडतो, हा त्याचा मोठा गुण.

दांडा साधारणपणे इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा असतो. मधला भाग रबरी बुशांमधून (दांड्याभोवतीच्या रबरी कड्यांमधून) सांगाड्याला किंवा त्याखालच्या सबफ्रेम या चौकटीला धरलेला असतो. दोन्ही टोके लिंक रॉड या छोट्या जोडदांड्याने चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला किंवा स्ट्रटला (स्प्रिंग-शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या उभ्या जोडीला) जोडतात. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर गेली तर दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो, विरोध करत नाही. एकच चाक वर गेले किंवा गाडी कलली, की तो पिळला जातो आणि त्या पिळाचा विरोध झोक रोखतो. अँबॅसॅडरच्या पुढच्या चाकांना असलेला टॉर्शन बार निराळा. तो स्प्रिंगच्या जागी असून गाडीचे वजन पेलतो.

या भागाचे जनकत्व सहसा कॅनडातील फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना देतात. त्यांचे पेटंट १९१९ चे आहे. मात्र पेटंट आणि प्रत्यक्ष प्रसार यांत बरेच अंतर पडले. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना पुढे-मागे सलग आस आणि ताठ पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) होते. अशा रचनेत झोकाला विरोध मुळातच बराच असल्याने वेगळ्या दांड्याची निकड नव्हती. ती भासू लागली ती १९३० नंतरच्या दशकात, पुढची चाके स्वतंत्र होऊन त्यांना मऊ स्प्रिंगा मिळाल्यावर. जनरल मोटर्सने १९३४ च्या मॉडेलांत स्वतंत्र पुढचे सस्पेंशन आणले. त्यामागे मॉरिस ऑली हे रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे आलेले अभियंते होते. अंडरस्टिअर (वळणावर गाडीचे नाक बाहेर जाणे) व ओव्हरस्टिअर (शेपटी बाहेर जाणे) या कल्पनांची शास्त्रशुद्ध मांडणीही मुख्यतः त्यांच्याच कामाशी जोडली जाते. पुढचा भाग मऊ झाला, की झोकाला विरोध करण्याचे काम मागच्या चाकांवर येते आणि गाडीची शेपटी बाहेर जाऊ पाहते. पुढच्या आसाला दांडा दिल्याने हा तोल परत पुढे आणता येतो. म्हणून कल्पना १९१९ ची मानली, तरी आजच्या अर्थाने अँटी-रोल बारचा उगम याच दशकात धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

दांड्याचे महत्त्व सर्वांत ठळकपणे चर्चेत आले ते शेव्हरोले कॉर्व्हेअरमुळे. मागे इंजिन आणि स्विंग अ‍ॅक्सल (मधल्या सांध्यापासून वर-खाली झुलणारे अर्धे आस) असलेली ही गाडी १९६० च्या मॉडेल वर्षात आली, तेव्हा तिला पुढचा बार नव्हता. १९६२ पासून ताठ स्प्रिंगा आणि पुढचा बार असलेला संच जादा पैसे देऊन मिळू लागला. १९६४ मध्ये बार सर्वच कॉर्व्हेअरना आला, सोबत मागे आडवा पाटाही. १९६५ मध्ये मागची रचनाच बदलली. त्याच वर्षी ग्राहकहिताचे अमेरिकी कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी जुन्या मॉडेलांवर कडक टीका केली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अहवालाने १९६० ते १९६३ ची कॉर्व्हेअर तत्कालीन इतर गाड्यांपेक्षा अधिक बेकाबू होणारी नाही, असा निष्कर्ष काढला. दोन्ही मतांना आधार आहे. पण एका दांड्याने गाडीच्या स्वभावात फरक पडतो, हे कंपनीच्या स्वतःच्या बदलांवरूनही दिसते. फोक्सवॅगन बीटललाही १९६० च्या मॉडेलपासून पुढचा बार मिळाला.

बारमुळे वळणावर बाहेरच्या चाकांकडे जाणारे वजन कमी होते, ही समजूत सर्रास आढळते आणि ती चुकीची आहे. एकूण किती वजन सरकेल हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. झोक कमी झाल्याने त्यात नगण्य फरक पडतो. बार ठरवतो ते त्या वजनाचे पुढच्या आणि मागच्या आसांतले वाटप. टायरवर भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे ज्या आसावर वजन अधिक सरकते, त्या आसाची एकूण पकड घटते. पुढचा बार जाड केला तर गाडी नाक बाहेर काढते, मागचा जाड केला तर शेपटी. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या मुळात अंडरस्टिअरकडे झुकलेल्या असतात, म्हणून त्यांत मागचा बार वाढवण्याचा प्रघात आहे. तो अति ताठ झाला तर मागचे आतले चाक रस्ता सोडते आणि ओल्या घाटात मागची बाजू अचानक सुटते. पहिल्यांदाच बदल करणाऱ्याने हा धोका हलका समजू नये.

ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिमीच्या जागी २२ मिमीचा दांडा बसवला, तर तो दिसायला जवळपास तेवढाच, पण सुमारे ४६ टक्के अधिक ताठ. याच नियमामुळे पोकळ दांडा परवडतो: २२ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा पोकळ बार भरीव बारच्या सुमारे ७२ टक्के ताठपणा देतो आणि वजन मात्र निम्म्याहून कमी. काही बारांच्या टोकांना एकापेक्षा जास्त भोके असतात. लिंक आतल्या भोकात घेतली, की तरफ आखूड होऊन बार ताठ होतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी, पिळता येणारी तुळई) असलेल्या गाड्यांत ती आडवी बीमच पिळली जाऊन बारचे काम करते.

जाड बार लावताना बुश आणि लिंक तशाच जुन्या ठेवल्या, तर निम्मा फायदा त्यांच्या ढिलेपणातच जातो. पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकचे बुश ताठ असतात, पण ग्रीस सुकले की करकरतात. लिंकचे नट गाडी चाकांवर उभी असताना, सपाट जागी आवळावेत. एक बाजू उचललेली असताना आवळल्यास दांड्यात कायमचा पीळ राहू शकतो आणि डावे-उजवे वळण सारखे लागत नाही. झिजलेली लिंक ओळखण्याची खूण बारच्या कामातूनच मिळते: दोन्ही चाके एकदम स्पीडब्रेकरवरून गेली तर आवाज कमी, एकच चाक खड्ड्यात गेले की ‘टक’. खडकाळ रस्त्यावर चाकांनी मोकळेपणी वर-खाली होणे गरजेचे असल्याने जीप रँग्लर रुबिकॉनसारख्या गाड्यांत पुढचा बार बटणाने सोडवता येतो. १९९४ च्या सिट्रोएन झँशिया अ‍ॅक्टिवाने हायड्रॉलिक दाबाने झोक जवळजवळ नाहीसा केला होता.

भारतात अशा बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ लागू होते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ लावताना म्हटले आहे.