पक्षाघातानंतरचा एरोबिक व्यायाम

पक्षाघाताचा (अर्धांगवायू, बोलीत लकवा) झटका येऊन गेल्यावर दमसास परत मिळवण्यासाठी केलेला, मोठे स्नायू काही वेळ सलग लयीत हलवणारा व्यायाम. उदा. चालणे, ट्रेडमिल, स्थिर सायकल.

घरच्यांचे लक्ष साहजिकच लुळ्या हातापायाकडे असते आणि दमसास मागे राहतो. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता बहुधा समवयस्क निरोगी माणसाच्या निम्म्याच्या आसपास येते. याला मेंदूची इजा एकटीच कारण नसते. अंथरुणावर गेलेले दिवस, दुबळ्या बाजूचे झिजलेले स्नायू आणि अनेकांना आधीपासून असलेला हृदयविकारही असतो. त्यात गुडघा नीट वाकत नाही, पाय बाहेरून फिरवत टाकावा लागतो, म्हणून तेवढेच अंतर चालायला जास्त ताकद लागते. आंघोळ करून सदरा घालेपर्यंत माणूस कॉटवर टेकतो, आणि घरात त्याला आळस म्हणतात.

जोर लावला की स्नायूंचा ताठरपणा वाढतो, हा समज फिजिओथेरपीत दीर्घकाळ होता. पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2014 च्या शिफारशीत आठवड्यातून 3 ते 5 दिवस, 20 ते 60 मिनिटे व्यायाम सुचवला आहे. दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले तरी चालतात. नाडी किती चढू द्यायची? वय 60, विश्रांतीत ठोके 70 असतील तर 220 मधून वय वजा करून कमाल 160 धरतात. मधल्या 90 ठोक्यांचे 40 ते 70 टक्के विश्रांतीच्या 70 मध्ये मिळवले की 106 ते 133 ही मर्यादा निघते. बीटा ब्लॉकर (हृदयविकार, रक्तदाबावरची, ठोके मंदावणारी गोळी) चालू असेल तर हे गणित कोलमडते, कारण त्या गोळीने नाडी एरवीइतकी चढत नाही. मग बोर्गची 6 ते 20 ची श्रममापनश्रेणी वापरतात, म्हणजे किती श्रम वाटतात ते रुग्ण आकड्यात सांगतो. 11 ते 14 पुरे. वाचा गेलेला रुग्ण तक्त्यावर बोट ठेवतो. तेही जमले नाही तर धाप आणि घामावर नजर ठेवावी लागते.

घाई मात्र अंगाशी येते. 2104 रुग्णांवरच्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत (2015) झटक्यानंतर 24 तासांच्या आत, वारंवार उठवून हालचाल करवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी चांगली होती. सुरुवात कधी करायची आणि त्याआधी हृदयाची तपासणी कोणती, हे म्हणूनच डॉक्टरांनी ठरवायचे असते.

प्रगती मोजायला सहा मिनिटांची चालचाचणी सोपी. सुमारे 30 मीटरच्या व्हरांड्यात रुग्ण काठी घेऊन फेऱ्या मारतो. दमला तर भिंतीला टेकून थांबतो, पण घड्याळ थांबवत नाहीत.