लस आणि सीरम: कुत्रा चावल्यावर दोन्ही का लागतात

अनोळखी कुत्रा चावून रक्त आलं की डॉक्टर दोन वेगवेगळी औषधं सांगतात. एक रेबीजची लस आणि दुसरं इम्युनोग्लोब्युलिन, ज्याला दवाखान्यात सगळे ‘सीरम’ म्हणतात. घरी पोचेपर्यंत दोन्हींची मिळून ‘रेबीजची इंजेक्शनं’ झालेली असतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, एक घेतलंय ना, आता दुसऱ्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी कशाला जायचं? लस जवळच्या आरोग्य केंद्रात मिळून जाते, सीरमसाठी बहुतेकदा मोठं रुग्णालय गाठावं लागतं, त्यामुळे हा प्रश्न नेहमी सीरमच्याच वाट्याला येतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं.

दोन्हींचा उद्देश एकच, शरीरात विषाणूला धरून ठेवणारी प्रतिपिंडं असावीत. फरक आहे तो ती कोण बनवतं यात. लसीत मारलेला विषाणू असतो. दंडात लस टोचली की तिथल्या पेशी त्या विषाणूचे तुकडे उचलून काखेतल्या लसीका गाठींकडे, म्हणजे प्रतिकारपेशींच्या ठाण्यांकडे नेतात. तिथे प्रतिपिंडं बनवू शकणाऱ्या असंख्य बी पेशी असतात आणि प्रत्येकीच्या अंगावरचा ग्राहक, म्हणजे परकं काही पकडणारा रेणू, वेगळ्या घडणीचा असतो. ही विविधता रोग येण्याआधीच, जनुकांच्या तुकड्यांची उलटापालट होऊन तयार झालेली असते. म्हणजे रेबीज ओळखू शकणाऱ्या मोजक्या पेशी आपल्या अंगात आधीपासूनच असतात, फक्त त्यांना कुणी हाक मारलेली नसते. तुकडा त्यांना चिकटला आणि मदतनीस टी पेशींनी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्रतिकारपेशींनी, दुजोरा दिला की त्या विभागू लागतात. काही प्रतिपिंडं ओतणाऱ्या पेशी बनतात, काही ही ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षं टिकतात. या सगळ्याला वेळ लागतो. पुरेशी प्रतिपिंडं रक्तात दिसायला साधारण ७ ते १४ दिवस जातात.

सीरममध्ये शिकणं वगैरे काही नाही. ज्या माणसाला किंवा घोड्याला आधी लस दिली आहे, त्याच्या रक्तातून काढलेली ही तयार प्रतिपिंडं. टोचल्या क्षणापासून ती कामाला लागतात, पण मानवी प्रतिपिंडं सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होतात, घोड्याची त्याहून लवकर संपतात, आणि मागे स्मृती राहत नाही. लस म्हणजे गावाने खोदलेली विहीर, सीरम म्हणजे पाणी लागेपर्यंत आलेला टँकर.

रेबीजमध्ये दोन्ही का, हे विषाणूच्या वाटेवरून कळतं. तो जखमेतल्या स्नायूत थांबतो, मग तिथल्या नसेत शिरतो आणि नसेतूनच हळूहळू मेंदूकडे सरकतो. रक्तात तो जवळजवळ येतच नाही, त्यामुळे प्रतिकारसंस्थेला त्याचा पत्ता उशिरा लागतो. नसेत शिरल्यावर प्रतिपिंडांचा फारसा उपयोग उरत नाही. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन महिने जातात, पण चेहरा, मान किंवा बोटं चावली असतील तर हा काळ खूप कमी असू शकतो. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंतचा पहिला आठवडा उघडा राहतो, आणि तेवढाच सीरमने झाकायचा असतो.

म्हणूनच सीरम कुठे टोचलं जातं, हे फार महत्त्वाचं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतल्यावर डॉक्टर सुई थेट जखमेत आणि तिच्या कडांना घालतात आणि मावेल तितकं सीरम तिथेच भरतात. बोटाच्या टोकाला जागा किती असणार! तिथे ते अगदी सावकाश, थेंबाथेंबाने घालावं लागतं, आणि दुखतंही. मात्रा वजनावर ठरते: मानवी सीरम किलोला २० युनिट, घोड्याचं ४० युनिट. लहान मुलाला चेहऱ्यावर आणि हातांवर अनेक चावे असले तर वजनाप्रमाणे येणारं औषध सगळ्या जखमांना पुरत नाही. अशा वेळी ते सलाइनमध्ये वाढवून प्रत्येक जखमेपर्यंत पोचवतात, पण मात्रा वाढवत नाहीत, कारण बाहेरची प्रतिपिंडं जास्त झाली तर शरीराचं स्वतःचं उत्पादन दबतं.

लसीला वजनाचं बंधन नाही. बाळाला आणि पैलवानाला डोस सारखाच, कारण तिला फक्त ओळख करून द्यायची असते. ती दंडात देतात, लहानग्यांना मांडीत, कुल्ल्यात कधीच नाही. सरकारी रुग्णालयांत त्वचेत द्यायची पद्धत रुळली आहे: ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी, दर वेळी दोन जागी ०.१ मिली. लस आणि सीरम एका सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी देत नाहीत, नाहीतर सीरममधली प्रतिपिंडं लसीलाच धरून बसतील. पहिल्या डोसला सात दिवस उलटून गेले की सीरम देतच नाहीत, कारण तोवर स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात. आणि ज्याने पूर्वी लसीचा पूर्ण कोर्स घेतला आहे त्याला सीरम लागतच नाही, ० आणि ३ऱ्या दिवशीचे दोन डोस पुरतात. स्मृतिपेशी काय करतात याचा इतका रोकडा पुरावा दुसरा नसेल. रक्त आलेल्या चाव्यावर आणि आधी लस घेतली नसताना मात्र ‘जखमेत सीरम दिलं का?’ हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

साप चावल्यावर गणित बदलतं. तिथे लस नाहीच. विष काही तासांत आपलं काम करतं, शरीराला शिकायला उसंतच नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर घोड्यांत तयार केलेलं प्रतिविष शिरेतून देतात. रेबीजचं सीरम वजनावर, पण इथे लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला मात्रा सारखीच: साप मूल बघून विष कमी सोडत नाही, आणि निकामी करायचं असतं ते सापाचं विष. घोड्याचं प्रथिन शरीराला परकं असल्यामुळे काहींना लगेच तीव्र ॲलर्जी येते, म्हणून ती आवरणारं अ‍ॅड्रिनलिन हाताशी ठेवूनच ते सुरू करतात. काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी आणि अंगावर गांध्या येतात. औषधालाच शरीराने आक्रमक ठरवल्याचा हा परिणाम असतो.

गंजका खिळा लागल्यावर घेतलं जाणारं धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र लसच आहे, त्या जखमेवरचं तातडीचं औषध नव्हे. ज्याचे आधीचे डोस पूर्ण आहेत त्याची स्मृती त्याने जागी होते. ज्याने आयुष्यात कधीच डोस घेतलेले नाहीत आणि जखम मातीने भरलेली आहे, त्याला जोडीला धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. एक गोष्ट तर थक्क करणारी आहे: धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस द्यावी लागते. धनुर्वाताच्या जंतूंचं जीव घेणारं विष इतकं अल्प असतं, की प्रतिकारसंस्थेला त्याची ओळख होण्याइतकंही ते नसतं.

लस आणि सीरम या दोन्ही उपायांना मुंबईने एकाच वर्षी आजमावलं आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस बनवली, १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. त्याच वर्षी प्लेगचा जंतू शोधणारे अलेक्झांडर येर्सिन घोड्याचं सीरम घेऊन मुंबईत आले, आजारी पडलेल्यांवर उपचार करायला. त्यांच्या सीरमने इथे निराशा केली. हाफकिनची लस टिकली आणि परळची संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. कोविडमध्येही बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्मासाठी, म्हणजे त्यांच्या रक्तातल्या तयार प्रतिपिंडं असलेल्या द्रवासाठी, घराघरांतून धावपळ झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत त्याने मध्यम आजारी रुग्णांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि मे २०२१ मध्ये तो उपचार यादीतून वगळला गेला. रुग्णालयात पोचेपर्यंत अनेकांची स्वतःची प्रतिपिंडं तयार झालेली होती. सीरमचा उपयोग वेळेवर किती अवलंबून असतो, ते इथेही दिसलं.

आणि एक सीरम निसर्गच देतो. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात आणि पहिले काही महिने त्याला गोवरापासून सांभाळतात. पण तीच प्रतिपिंडं गोवराच्या लसीतला जिवंत, कमजोर केलेला विषाणूही निकामी करतात. म्हणून आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तेव्हाही काही बाळांमध्ये आईची थोडी प्रतिपिंडं उरलेली असतात आणि त्यांना लस नीट लागू होत नाही. अशी बाळं १६ ते २४ महिन्यांदरम्यानच्या दुसऱ्या डोसमध्ये भरून निघतात.