डायलिसिसच्या पेशंटला शहाळं नेऊ नका

परळ असो की सायन, मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलच्या गेटबाहेर शहाळेवाला असतोच. आजारी माणसाला बघायला जायचं तर शहाळं न्यायचं, ही आपली जुनी रीत. पण ज्याच्या किडन्या निकामी झाल्यात, त्याच्या जिवावर हेच शहाळं बेतू शकतं.

एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण 500 ते 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट किडन्या जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकतात. त्या बंद पडल्या की ते रक्तात साठतं आणि फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. कधी कधी आधी काहीच त्रास न जाणवता हृदय थांबतं.

“पण डायलिसिस चालू आहे ना?” नातेवाईक हमखास विचारतात. चालू आहे, पण मशीनने रक्त साफ करायचं हे काम चालतं आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी सुमारे 4 तास. निरोगी किडन्या रात्रंदिवस राबतात, रोज जवळपास 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत रक्तात घेतात. ती बरोबरी मशीनला जमत नाही.

मशीनवर मिनिटाला 250-300 मिलिलिटर रक्त डायलायझरमध्ये, म्हणजे मशीनच्या गाळणीत जातं. त्यात केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो नळ्या असतात. आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट्या दिशेने डायलायझेट नावाचं द्रावण. नळ्यांच्या भिंतींतल्या सूक्ष्म छिद्रांतून युरिया, क्रिएटिनिन असा शरीरातला कचरा आणि पोटॅशियम रक्तातून द्रावणात उतरतात. एका वेळेला असं 120 लिटरच्या आसपास द्रावण लागतं.

एवढं रक्त वेगाने मिळावं म्हणून हातातली धमनी शिरेला जोडून फिस्टुला करतात. त्यावर बोटं ठेवली की आतली थरथर लागते. पेशंटने ती रोज तपासायची आणि थांबली वाटली तर लगेच सेंटरला फोन करायचा. त्या हातावर बीपी मोजू द्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, बाजाराची जड पिशवीही अडकवायची नाही.

पाण्याचं गणित आणखी कठीण. लघवी होत नसेल तर प्यायलेलं बहुतेक पाणी अंगातच राहतं. दोन डायलिसिसच्या मधे वजन 3 किलोने वाढलं, तर ते जवळजवळ 3 लिटर पाणीच. ते 4 तासांत ओढून काढताना बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये मोजून पाणी पिणं म्हणजे काय, याची कल्पना करा. अशा वेळी “घे रे घोटभर” असा आग्रह कृपा करून करू नका. त्यापेक्षा घरात पापड, लोणचं, फरसाण कमी करा. मीठ घटलं की तहानही घटते. मात्र त्यासाठी लो-सोडियम मीठ आणू नका, त्यात बऱ्याचदा सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. गाडीवरचं तिखटमीठ लावलेलं स्टारफ्रूट तर अजिबात नको. त्यातलं विष निकामी किडन्या बाहेर टाकू शकत नाहीत. उचक्यांपासून फिट येण्यापर्यंत मजल जाते.

भेटीला काही न्यायचंच असेल तर एखादं सफरचंद न्या, तेही घरच्यांना विचारून.