मुद्राचित्र फ्रेम करायला देण्याआधी

तुम्ही आमच्याकडून हातानं छापलेलं चित्र घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ते भिंतीवर लावण्याआधी हे पत्रक एकदा वाचा. आम्ही ते प्रत्येक चित्राच्या पाकिटात घालतो, कारण एकच चूक दर वर्षी, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, पुन्हा पुन्हा आमच्यापुढे येते. ती एकदा झाली की आमच्या हातात काही उरत नाही.

ती चूक म्हणजे लॅमिनेशन.

गेल्या आषाढात एक ताई चित्र घेऊन दुकानात आल्या. खाचरात उभ्या असलेल्या बगळ्यांचं, चार रंगांतलं लिनोकट होतं, म्हणजे लिनोलियम कोरून केलेल्या ठशानं छापलेलं चित्र. भावाच्या वास्तुशांतीला द्यायचं म्हणून त्यांनी ते हौसेनं घेतलं होतं. "चांगलं टिकावं म्हणून" कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतलं. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकखाली रुपयाएवढे फुगे आले आणि एका बगळ्याच्या पंखावर करडी बुरशी धरली. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: प्लॅस्टिक काढून द्याल का? नाहीतर दुसरी प्रत द्याल का? आम्हाला दोन्हींना नाही म्हणावं लागलं. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

प्लॅस्टिक का निघत नाही, ते सांगतो. लॅमिनेशनच्या पिशवीला आतून गोंदाचा थर असतो. मशीनचे रोळ शंभर अंशांच्या वर तापलेले असतात. त्या उष्णतेनं गोंद वितळतो आणि कागदाच्या धाग्यांत शिरून बसतो. ओळखपत्राच्या गुळगुळीत कागदाला त्यानं काही होत नाही. आमचा कागद सुती चिंध्यांपासून हातानं केलेला असतो. त्यात हवा असते आणि थोडा ओलावाही असतो. तो ओलावा दोन्ही बाजूंनी कोंडला की आज ना उद्या फुगा धरणार आणि बुरशी येणार. प्लॅस्टिक ओढून काढायला गेलं तर शाई आणि कागदाचा वरचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येतो. शिवाय चित्रावरून बोट हलकेच फिरवलंत तर शाईचा उंचवटा हाताला लागतो, ठशानं कागदात पाडलेला खळगा कळतो. रोळाखालून गेलेल्या चित्रात ते सगळं सपाट होतं. ज्यासाठी तुम्ही पोस्टरपेक्षा जास्त पैसे मोजलेत, तेच निघून जातं.

आता दुसरी प्रत का देता येत नाही. बगळ्यांचं ते चित्र एकाच लिनोच्या तुकड्यावर, तो पुन्हा पुन्हा कोरून छापलेलं आहे. आधी कागदाचा पांढरा रंग जिथे दिसायला हवा, तेवढाच भाग कोरून काढायचा आणि उरलेल्या ठशानं सगळ्या कागदांवर फिका पिवळा छापायचा. मग जिथे पिवळा राहायला हवा तो भाग त्याच ठशातून कोरून टाकायचा आणि वरून पोपटी छापायचा. मग निळा, शेवटी काळा. प्रत्येक रंगाबरोबर ठसा कमी कमी होत जातो. काळा छापायच्या वेळी ठशावर बगळ्यांचे पाय, चोची आणि बांधावरचं थोडं गवत एवढंच उरलं होतं. पिवळा ज्या ठशानं छापला तो ठसा आता कुठेच नाही. आमच्याकडेही नाही आणि चित्रकाराकडेही नाही. म्हणून सुरुवातीला शेचाळीस कागद घेतले, रंग जागेवर न बसलेले सहा बाजूला काढले आणि चाळीस प्रती झाल्या. एकेचाळिसावी होऊच शकत नाही.

एकाच रंगाच्या चित्राचं तसं नसतं, तिथे ठसा शाबूत राहतो. काही ग्राहक म्हणतात, मग आणखी पाच काढा, जास्त पैसे घ्या. आम्ही काढत नाही. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की आम्ही ठशावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चर मारतो. आधी ज्यांनी विश्वासानं घेतलं त्यांना आम्ही "चाळीसच" असं सांगितलेलं असतं, आणि तो शब्द आम्हाला पाच चित्रांच्या पैशांपेक्षा मोठा वाटतो.

चित्राखाली पेन्सिलीनं जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थही इथेच सांगून टाकतो. डावीकडे ७/४० म्हणजे चाळीस प्रतींपैकी सातवी. सातवी ही एकतिसाव्या प्रतीपेक्षा चांगली असते असं नाही, तो फक्त मोजणीचा आकडा आहे. मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे चित्रकाराची सही. पेनानं का करत नाही, असं बरेच जण विचारतात. पेनाची शाई उडते, पसरते. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे कार्बनच, ते उन्हानं उडत नाही.

मग चित्र लावायचं कसं? काचेच्या फ्रेममध्ये, पण काच चित्राला चिकटू न देता. इथे तुमच्या फ्रेमवाल्याशी दोन शब्द बोलावे लागतील. फ्रेमवाले मन लावून काम करतात, आमचं त्यांच्याशी रोजचं येणं-जाणं आहे. पण त्यांच्याकडे येणारं बहुतेक काम लग्नाच्या फोटोंचं आणि देवादिकांच्या चित्रांचं असतं. फोटो हार्डबोर्डावर गोंदानं पूर्ण चिकटवून वर काच बसवली की काम झालं. सवयीनं तेच आपल्या चित्राचंही होतं. कागद पावसाळ्यात फुगतो आणि चैत्र-वैशाखात आक्रसतो. चारही बाजूंनी गोंद लावला की त्याला हलायला जागा उरत नाही आणि मग सुरकुत्या पडतात. काच कागदाला टेकलेली असेल तर दमट हवेत आतून घाम धरतो आणि शाई काचेला चिकटते.

म्हणून फ्रेमवाल्याला सांगा की चित्राभोवती खिडकी कापलेला माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. माउंटचा पुठ्ठा साधारण दोन मिलिमीटर जाड असला की काच आणि कागद यांत तेवढी फट राहते. चित्र मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेवर, दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांनी टांगायचं. बाकी सगळं मोकळं. पट्ट्या चिकटवायला आम्ही खळ वापरतो. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात ना, तोच चीक पाण्यात शिजवून गाळलेला. ही खळ उद्या काढावीशी वाटली तर ओल्या बोळ्यानं सुटते, कागदाला इजा होत नाही. लावायची मात्र अगदी बेतानं, कारण कसर पिठाच्या मागे येते. सेलोटेप अजिबात नको. दोन वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदातून आरपार येतो.

मागचा पुठ्ठा ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला हवा, असं आम्ही आवर्जून सांगतो. त्याचं कारण जुन्या चित्रांत दिसतं. आपल्याकडे भिंतीवर छापील चित्र लावणं नवीन नाही. पुण्यात चित्रशाळा १८७८ साली सुरू झाली, विष्णुशास्त्री चिपळूणकर तिच्या संस्थापकांपैकी एक. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळातली शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं अजून जुन्या वाड्यांत आणि कोकणातल्या ओटीवर सापडतात. कोणी अशी फ्रेम आमच्याकडे उघडायला आणतं तेव्हा आम्ही आधी मागची बाजू बघतो. मागे फळ्या लावलेल्या असतात. जिथे दोन फळ्यांचा सांधा, बरोबर तिथे कागदावर गडद तपकिरी पट्टा उमटलेला असतो. लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरत गेल्यानं हे होतं. हार्डबोर्ड आणि एमडीएफ हेही लाकडाचेच, तेही हेच करतात. लावायचेच असतील तर मध्ये ॲसिड-फ्री पुठ्ठा घाला.

अजून एक गोष्ट, जिच्यामुळे आमचा जीव तुटतो. आमच्या कागदाची कड सरळ नसते, ती मऊ आणि फाटल्यासारखी दिसते. ती फाटलेली नाही. हातकागद साच्यात उचलताना लगदा कडेला पातळ होत जातो, त्याची ती खूण आहे. पुण्यात हातकागदाचं काम १९४० पासून चालू आहे आणि जाणकार माणूस कागद हातात घेतल्यावर आधी कडच बघतो. फ्रेममध्ये नीट बसावं म्हणून ती कटरनं सरळ कापली गेल्याचं आम्ही पाहिलं आहे, आणि तिच्याबरोबर नंबर आणि सहीही गेलेली. फ्रेम चित्राच्या मापाची करायची, चित्र फ्रेमच्या मापाचं करायचं नाही.

जागेबद्दल थोडक्यात. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका, ऊन शाई खातं. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावले की मागून हवा खेळते. मुंबईत आणि कोकणात राहणाऱ्यांनी तरी हे नक्की करावं.

चित्र नळीतून गुंडाळून आलं असेल तर लगेच उलट्या बाजूला गुंडाळून सरळ करायला जाऊ नका. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं रचा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. इस्त्री नको. परदेशी मुलांकडे पाठवायचं असेल तर फ्रेम करून पाठवू नका, काच प्रवासात टिकत नाही. अमेरिकेत सोळा बाय वीस इंची तयार फ्रेम सहज मिळते. त्या मापाचा, आत खिडकी कापलेला माउंट आम्ही इथूनच चित्राबरोबर देतो, तिकडे फक्त फ्रेममध्ये सरकवायचं.

"हे ओरिजिनल आहे की प्रिंट?" हा प्रश्न आम्हाला दिवसातून एकदा तरी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. उत्तर: दोन्ही. चित्रकारानं आधी रंगवलेलं चित्र कुठेतरी आहे आणि हा त्याचा फोटो, असं इथे नाही. त्यानं ठसाच कोरला, आणि चित्र पहिल्यांदा जन्माला आलं ते याच कागदावर. चाळीसही प्रती मूळच. त्यांच्यात केसाएवढा फरक असतो. एखादीत निळा किंचित दाट, एखादीत पिवळ्याची कड अर्धा मिलिमीटर बाहेर. दुकानात तुम्हाला एकाच चित्राच्या तीन-चार प्रती टेबलावर मांडून दाखवतो ते याचसाठी. निवडून घ्या, आम्हाला घाई नसते.

चार रंगांच्या चित्राची किंमत दोन हजार आठशे रुपये का, याचंही उत्तर त्यातच आहे. तेलाची शाई एका रंगाला चार-पाच दिवस वाळते, पावसाळ्यात आठ. चार रंगांचं चित्र पुरं व्हायला महिना जातो. किमतीतला निम्मा वाटा चित्रकाराचा असतो आणि तो आम्ही विक्रीची वाट न बघता छपाई संपल्या संपल्या देतो. घासाघीस करणाऱ्यांना आम्ही लहान चित्रं दाखवतो. पोस्टकार्डाच्या मापाचे एकरंगी ठसे चारशेपासून आहेत, आणि ते तितक्याच काळजीनं छापलेले असतात.

हे चित्रकार तुम्हाला सापडतात कुठे, असंही लोक विचारतात. आमचं काही गुपित नाही. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आणि मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय इथली विद्यार्थ्यांची वार्षिक प्रदर्शनं आम्ही चुकवत नाही. वर्षाच्या सुरुवातीला मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव, डिसेंबरात पुण्याची भीमथडी जत्रा आणि पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव. तिथे नुसतं फिरू नका, टेबलामागे बसलेल्या मुलाला किंवा मुलीला विचारा की हे कसं केलंस. ज्याला सांगताना भान राहत नाही, त्याचं काम बहुतेक वेळा चांगलं निघतं. मुंबईत जहांगीर कलादालनाला गेलात तर बाहेरच्या पदपथावर मांडलेली चित्रंही बघा.

आणि घरातच एक जागा आहे. दिवाळी अंक उघडला की आपण थेट कथेकडे वळतो. सुरुवातीच्या पानावर "मुखपृष्ठ" आणि "सजावट" यांपुढे बारीक टायपात नावं असतात, ती वाचा. आवडलेल्या रेखाटनावर खूण करून ठेवा. आमच्याकडच्या दोन चित्रकारांची नावं आम्हाला अशीच मिळाली, आणि त्यातलं एक नाव एका ग्राहकानंच अंकाचं पान मोबाइलवर दाखवून सुचवलं होतं. तुम्हालाही कोणाचं काम आवडलं तर दाखवा. आम्ही त्यांना शोधून काढतो, ठसा कोरून बघायला बोलावतो.

फ्रेमबद्दल शंका असेल तर चित्र आधी आमच्याकडे आणा, सल्ल्याचे पैसे नाहीत. माउंट, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि मागचा पुठ्ठा असा संच आम्ही मापानुसार कापून ठेवतो. तो घेऊन तुमच्या नेहमीच्या फ्रेमवाल्याकडे गेलात तरी चालेल. सगळं आमच्याकडूनच करून घ्यायचं असेल तर दहा दिवस द्या, गणपतीच्या आधीच्या दिवसांत मात्र तीन आठवडे. आणताना चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणा, पिशवीत गुंडाळून नको. सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी आमचे हात शाईनं भरलेले असतात आणि तुमच्या चित्राला हात लावता येत नाही.