साखर वाढली की पाव का बसतो?

पीठ मळून, फुगवून, भाजूनही देणाऱ्या ब्रेड मशीनच्या छोट्या भांड्यात 250 ग्रॅम मैदा, यीस्ट आणि चमचाभर साखर घातली की पाव छान फुगतो. तीच साखर 40 ग्रॅम करा आणि प्रोग्राम तोच ठेवा. पाव बसका होतो, वर कडा काळपट होतात.

यीस्ट साखर खातं, म्हणजे जास्त साखरेत ते जास्त फुगवेल, असं वाटणं साहजिक आहे. मैद्याच्या वजनाच्या साधारण 5 टक्क्यांपर्यंत ते खरंही आहे. पुढे मात्र साखर यीस्टच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढू लागते. मुरांबा वर्षभर टिकतो तो याच ओढीमुळे, त्यात जंतूंना पाणीच मिळत नाही. पिठातलं यीस्ट मरत नाही. पाणी धरून ठेवायला ते पेशीत ग्लिसरॉल नावाचा पदार्थ तयार करतं आणि त्या धडपडीत वायू कमी सुटतो. त्यात यीस्टचंच इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) साखरेच्या एका रेणूचे दोन करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. रेणू वाढले की पाण्याची ओढही वाढते. यीस्ट स्वतःच स्वतःची अडचण वाढवतं, हे मला फार विलक्षण वाटतं! गोड पिठासाठी वेगळं यीस्ट मिळतं, त्यात हे विकर कमी असतं.

बेकरीतला कारागीर पीठ बघून थांबतो, मशीन घड्याळ बघून पुढे जातं. जपानच्या मात्सुशिता कंपनीने 1987 साली घरगुती मशीन आणलं. आधीच्या नमुन्यांत पाव बाहेरून करपायचा, आत कच्चा राहायचा. मग कंपनीतल्या इकुको तानाका यांनी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारी केली. तो पीठ ताणताना पीळही देतो, हे त्यांनी हेरलं आणि भांड्याच्या आत खास कंगोरे आले. हाताची कला यंत्रात उतरली, पण फुगलेलं पीठ ओळखणारी नजर उतरली नाही. म्हणूनच गोड पावासाठी वेगळा ‘स्वीट’ प्रोग्राम लागतो. त्यात बहुधा फुगायला जास्त वेळ आणि भाजायला कमी आच असते. कमी आच अशासाठी, की साखर आणि प्रथिनं तापून एकत्र आली की पाव लवकर तांबूस होतो. दूध घातलं असेल तर आणखी लवकर, कारण दुधातली साखर यीस्टला खाताच येत नाही, ती सगळी रंगासाठी उरते.

मशीनमध्ये ‘स्वीट’ प्रोग्राम नसेल तर साखर 25 ग्रॅमवर थांबवा, ‘लाइट क्रस्ट’ (फिकट कवच) निवडा आणि मळणी संपत आली की बेदाणे टाका. त्यांचा गोडवा बराचसा त्यांच्या आतच राहतो, यीस्टला फारसा जाचत नाही. दालचिनी चिमूटभरच घाला, तीही यीस्टला मंदावते. मळणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघा. साखर विरघळली की पीठ सैल पडतं. तेव्हा लगेच मैदा घालू नका, आणखी पाच मिनिटं मळू द्या. गोड पिठात ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, उशिरा जुळतं. तरीही पीठ भांड्याला चिकटून राहिलं, तर मग चमचाभर मैदा घाला.