मादीची साद आणि बारा बोरची नळी

जंगली टर्की पक्ष्यांच्या जगात हाकेला ओ देऊन चालत येण्याचे काम मादीचे असते. वसंत ऋतूत पूर्व अमेरिकेतील ओक आणि हिकरीच्या रानांत नर पहाटे झाडावर बसल्या बसल्याच गडगडाटी आवाजात ओरडतो, उजाडल्यावर खाली उतरतो, शेपटीचा पंखा उभारून, पंखांची टोके जमिनीला घासत मिरवू लागतो आणि आसपासच्या माद्या आपल्याकडे येतील याची वाट पाहतो. मादीचा आवाज काढून या नराला स्वतःकडे बोलावणारा शिकारी हा क्रमच उलटा करायला निघालेला असतो. त्यामुळे पुष्कळदा असे घडते की नर उत्तर देतो, पन्नाससाठ मीटरपर्यंत येतोही, पण तिथेच थांबून मिरवत राहतो. त्याच्या हिशेबाने पुढची पाळी मादीची असते.

या अडलेल्या अंतराचे काय करायचे, हाच या शिकारीतला खरा प्रश्न आहे. आजच्या काडतुसांत टंगस्टनच्या मिश्रधातूचे छर्रे मिळतात. शिशाची घनता एका घनसेंटिमीटरला सुमारे 11.3 ग्रॅम असते, तर या मिश्रधातूची 18 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे छर्रा बारीक असूनही हवेत कमी मंदावतो आणि लांबवर जोर टिकवून धरतो. अशा काडतुसाने ते अंतर बंदुकीलाच ओलांडता येते. शंभर वर्षांपूर्वीच्या दुनळी बंदुकीला ते जमत नाही. तिच्यासाठी पक्षी पंचवीसतीस मीटरच्या आत यावा लागतो, आणि उरलेले अंतर आवाजाने कापावे लागते. जुनी बंदूक वापरणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो तो याचसाठी, कारण हत्यार जितके तोकडे, तितके पक्ष्याचे वर्तन अधिक बारकाईने समजून घ्यावे लागते.

आवाज काढण्याचे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे लाकडी पेटी. आर्कान्सा राज्यातील डार्डानेल गावच्या हेन्री गिब्सन यांनी 1897 साली तिचे पेटंट घेतले आणि तिची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. लांबट, उघड्या पेटीच्या दोन बाजूंना पातळ फळ्या असतात. वरचे झाकण एका टोकाला स्क्रूने सैलसर बसवलेले असते आणि त्याची खालची बाजू किंचित फुगीर असते. तिला खडू चोळून झाकण फळीच्या कडेवरून ओढले की लाकूड लाकडाला क्षणभर चिकटते, ताण वाढला की सुटते आणि पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा होणाऱ्या या धरसोडीने पातळ फळी कंप पावते आणि पेटीची पोकळी तो आवाज मोठा करते. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती याच धरसोडीसाठी, म्हणजे राळ तिथे जे काम करते ते येथे खडू करतो. खडूही तेल किंवा मेण नसलेलाच लागतो, आणि लाकूड ओले झाले की पकड जाऊन पेटी मुकी होते, म्हणून पावसाळी दिवशी अनेक जण ती पावाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत घालून नेतात.

मादीची साद दोन तुकड्यांची असते. आधी एक उंच, स्वच्छ स्वर येतो आणि लगेच तो मोडून खालचा, खरखरीत स्वर लागतो. झाकण सरकत असताना कंपनाची तऱ्हा मध्येच बदलते आणि हा मोड साधतो. सराव करायचा असतो तो या मोडाचा, आणि त्याहूनही दोन सादांमधल्या अंतराचा. आपल्याकडे तित्तराला तित्तराच्याच सादेने बोलावणारे फासेपारधी हे कौशल्य फार पूर्वीपासून जाणतात. पाटी आणि लाकडी काडी हे दुसरे साधन धरसोडीच्या त्याच तत्त्वावर चालते. पाटीवर पेन्सिल तिरकी धरली की उठणारी किरकिर ज्यांनी शाळेत ऐकली आहे, त्यांना त्याचा अंदाज सहज येईल.

हाडाची नळी मात्र वेगळ्या तत्त्वावर चालते आणि ती या सर्वांहून कितीतरी जुनी आहे, कारण मूळ अमेरिकी लोकांनी युरोपीय तिथे पोहोचण्याच्या फार आधी अशा नळ्या बनवल्या. टर्कीच्या, शक्यतो मादीच्या, पंखातील दोन किंवा तीन हाडे उकळून साफ करतात, टोके कापून आतली मज्जा काढतात, बारीक हाड जाड हाडात बसवतात आणि सांधा मेणाने किंवा डिंकाने बंद करतात. तुतारीत आपण हवा फुंकतो आणि ओठ थरथरतात. या नळीत हवा तोंडात ओढून घ्यायची असते, चुंबनासारखा लहानसा आवाज करत. थरथरतात ओठच, पण त्या आवाजाला टर्कीचा घाट देते ती टर्कीच्या हाडांची नळी, आणि हातांची ओंजळ उघडझाप करून तो कमीजास्त करता येतो.

साद ऐकून येणारा पक्षी कानाने फसला तरी डोळ्याने सहजी फसत नाही. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न हलवताही त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. रंगांची त्याची जाण आपल्यापेक्षा समृद्ध आहे आणि जंबुपार, म्हणजे अतिनील, प्रकाशाचा काही भागही त्याला दिसतो. त्याचे स्वतःचे डोके मनःस्थितीप्रमाणे लाल, पांढरे आणि निळे होते, कारण कातडीखालचा रक्तप्रवाह बदलला की खालच्या तंतूंवरून परतणारा प्रकाशही बदलतो. याची एक सुंदर नोंद आपल्या भूमीतून झाली आहे. 1612 च्या सुमारास जहांगीराचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याच्या बंदरातून जे दुर्मीळ प्राणी आणले, त्यांत एक टर्कीही होता. त्याचे डोके कधी पोवळ्यासारखे लाल, कधी कापसासारखे पांढरे, तर कधी पिरोजी होते, असे बादशहाने सरड्याशी तुलना करून लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढून घेतले. अमेरिकेच्या रानात हेच तीन रंग धोक्याचे ठरतात. लाल, पांढरे किंवा निळे कापड दिसले तर दुसरा शिकारी त्याला नराचे डोके समजू शकतो, म्हणून ते अंगावर न घालण्याचा नियम कटाक्षाने पाळतात.

आता बंदुकीकडे वळू. बारा बोर म्हणजे एक पौंड, सुमारे 454 ग्रॅम, शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी. हा व्यास साधारण 18.5 मिलिमीटर भरतो. टर्कीची छाती जाड स्नायूंनी आणि दाट पिसांनी झाकलेली असल्याने नेम डोक्यावर आणि मानेवर धरतात, आणि एवढ्याशा जागेत अनेक छर्रे एकदम बसावे लागतात. त्यासाठी नळीचे तोंड किंचित आवळलेले असते. पूर्ण आवळलेल्या नळीत हा फरक सुमारे एक मिलिमीटरचाच असतो, पण तेवढ्याने 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरांवर, सुमारे 70 टक्के छर्रे 30 इंची वर्तुळात पडतात. आवळ नसलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीतून छर्रे बरेच अधिक पसरतात.

जुन्या नळ्यांत दमास्कस म्हणून ओळखली जाणारी नळी सर्वांत देखणी असते. लोखंड आणि पोलादाच्या कांबी एकत्र पिळून, तापवून, एका दांड्याभोवती गुंडाळून ठोकून सांधत, आणि आम्लाने तिच्यावर पिळाची नक्षी उमटवत. बेल्जियममधील लिएज हे या कामाचे मोठे केंद्र होते. मात्र हजारो सांध्यांपैकी एखाद्यात धातूची मळी अडकून आतून गंज धरलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. शिवाय या नळ्या बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या दाबाला बेतलेल्या असत आणि अनेकींत काडतुसाची पोकळी आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा आखूड असते. लांब काडतूस त्यात बसते खरे, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून जाणकार कारागिराकडून नळीची जाडी मोजून घेतल्याशिवाय आणि कमी दाबाची काडतुसे मिळाल्याशिवाय अशी बंदूक भिंतीवरून उतरवू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

हा पक्षी आज शिकार करता येईल इतका उरला आहे, हेही सहज घडलेले नाही. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे 1920 पर्यंत तो त्याच्या मूळच्या 39 राज्यांपैकी 18 राज्यांतून नाहीसा झाला होता. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा पक्षी 1851 च्या सुमारास मारला गेला. 1937 साली बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी वापरण्याचा कायदा झाला, आणि लांब नळीच्या बंदुका व काडतुसांवर हा कर 11 टक्के आहे. शतकभर जुन्या दुनळीवर तो नव्याने लागत नाही, पण तिच्यासाठी विकत घेतलेल्या प्रत्येक नव्या काडतुसावर लागतो. पाळून वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचे प्रयत्न आधी फसले होते, कारण आईमागून फिरताना जे शिकायचे ते त्यांना मिळालेलेच नव्हते. 1950 नंतर बंदुकीच्या दारूच्या जोरावर उडणाऱ्या जाळ्याने रानातलेच पक्षी पकडून दुसऱ्या रानात नेण्यात यश आले. न्यू यॉर्कहून आणलेले 37 पक्षी 1972 आणि 1973 साली मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात सोडले गेले, आणि आज बॉस्टनच्या उपनगरांतील रस्त्यांवर टर्की फिरतात. त्याच 1972 साली भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आपल्याकडील शिकारीचे युग संपले. आपल्या पक्ष्यांची स्थिती पाहता ते योग्यच झाले असे मला वाटते.

अमेरिकेच्या काही भागांत अलीकडे संख्या पुन्हा घटू लागली आहे. रानात बसवलेल्या ध्वनिमुद्रकांतून असेही दिसले आहे की शिकारीचा हंगाम सुरू झाला की नरांचे ओरडणे कमी होते. टेनेसीने 2023 पासून हंगामच दोन आठवडे पुढे ढकलला आहे, जेणेकरून अधिक माद्यांचे मीलन आधी उरकावे. ओरडणे थांबवलेला नर तरीही सादेकडे येतो, पण मुक्याने. अशा वेळी पेटी खाली ठेवून ऐकत बसावे लागते. मिरवणारा नर छातीतून एक अतिशय खालचा, ऐकू येण्यापेक्षा जाणवणारा घुमार काढतो, आणि तो जवळूनच कळतो. पक्षी जुन्या नळीच्या टप्प्यात आला आहे हे बहुतेक वेळा त्या घुमारावरूनच प्रथम समजते, आणि तोवर तो दिसलेलाही नसतो.