टेबलावरचं वाळवंट पिवळं का असतं

मिनिएचर वॉरगेमिंग, म्हणजे छोटे शिपाई आणि रणगाडे टेबलावर मांडून लढाई खेळायचा छंद, तो करणाऱ्या कुणाचंही वाळवंटाचं टेबल बघा, बहुतेक वेळा हळद सांडल्यासारखं पिवळंधम्मक, दोन गुळगुळीत वाळूच्या टेकड्या, कोपऱ्यात एक खजुराचं झाड आणि एक पांढरं चौकोनी घर. आणि खेळ कुठला, तर दुसऱ्या महायुद्धातला १९४१-४२ चा उत्तर आफ्रिका, म्हणजे लिबिया आणि इजिप्त, जर्मन सेनापती रोमेल विरुद्ध ब्रिटिशांची एट्थ आर्मी. आता गंमत अशी की ती लढाई जिथे झाली तिथे यातलं फारसं काही नव्हतंच. मग हे टेबल आलं कुठून? माझं मत विचाराल तर ते लिबियातून आलेलं नाही, ज्या त्या काळात हाताशी जे सामान होतं त्यातून आलंय.

सुरुवात वाळूपासूनच आहे तशी. प्रशियात फॉन राइसवित्झ नावाचा माणूस युद्धाचा खेळ वाळूच्या टेबलावर खेळून दाखवायचा. राजाने बघायची इच्छा दाखवली तेव्हा त्याला वाटलं राजासमोर वाळू काय न्यायची, म्हणून १८१२ मधे त्याने चक्क फर्निचरसारखं टेबल बनवून घेतलं, वर उचलून कसेही जुळवता येतील असे नद्या-डोंगरांचे तुकडे. म्हणजे आजचं मॉड्युलर टेरेन (टेबलावरचा सुट्या तुकड्यांचा भूभाग), दोनशे वर्षांपूर्वी! त्याच्या मुलाने १८२४ मधे तोच खेळ नकाशावर नेला आणि टेरेन बिचारं गायबच झालं. १९१३ मधे एच. जी. वेल्सने खेळण्यातले शिपाई घेऊन ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, त्यात घराची जमीन हेच रणांगण, लाकडी ठोकळ्यांची घरं आणि झुडपांच्या काटक्यांची झाडं. आपल्याकडे दिवाळीत किल्ला केलेल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही, फक्त अळीव पेरायचं राहिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर छंद म्हणून हा खेळ वाढला तेव्हा बरेच जण परत वाळूच्या टेबलाकडे वळले. सैन्यात ट्रेनिंगला सॅण्ड टेबल असायचंच, त्यामुळे ओळखीचं होतं. पण हिशोब करून बघा, सहा बाय चार फुटाचं टेबल आणि दोन इंच वाळू म्हणजे जवळपास पावणेदोनशे किलो, ते पण कोरडी धरून, आणि टेकडी उभी राहावी म्हणून पाणी शिंपडलं की अजून वजन. घरात कोण ठेवू देणार? मग आली चादर. खाली पुस्तकं ठेवायची, वर खाकी किंवा पिवळट कापड टाकायचं, झाल्या टेकड्या. १९६० च्या दशकात एअरफिक्स कंपनीचे एट्थ आर्मी आणि आफ्रिका कोरचे (रोमेलच्या जर्मन फौजेचे) छोटे प्लास्टिकचे शिपाई आले, पोरांच्या खिशाला परवडणारे, आणि वाळवंट एकदम सोपं वाटायला लागलं कारण झाडं नकोत, कुंपणं नकोत, शेतं नकोत. चादर पिवळी असली की काम झालं. ती मऊ गोल टेकडी पण चादरीचीच देणगी असावी असा मला दाट संशय आहे.

खरं वेस्टर्न डेझर्ट, म्हणजे इजिप्त-लिबियातलं ते लढाईचं वाळवंट, म्हणजे बहुतेक ठिकाणी चुनखडीचा दगडाळ माळ. करडट, खडी पसरलेली, मधेमधे खुरटी काटेरी झुडपं, कुठे उभा कडा. मोठमोठ्या वाळूच्या लाटा आहेत, पण त्या दक्षिणेला ग्रेट सॅण्ड सीमधे, मुख्य लढाया झाल्या तिथून लांब. इजिप्तमधल्या अल अलामेनची रुवेसात रिज (लांबट उंचवटा) नुसत्या डोळ्यांना धड टेकडी वाटणार नाही इतकी उतरती, आणि खाली खडक लागत असल्याने खंदक खणताना जीव जायचा. लिबियातल्या तोब्रुक बंदराचं तर आपल्याला जवळचं उदाहरण आहे, ते तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. २० जून १९४२ ला रोमेलने आग्नेयेकडून जिथे घाव घातला तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. रणगाडे अडवायचा खंदक तोवर ठिकठिकाणी वाळूने भरत आलेला. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तीसेक हजार माणसं कैद झाली. तुमच्या टेबलावर एखादा अर्धवट बुजलेला खंदक दाखवलात तर तो खजुराच्या झाडापेक्षा खूप खरा.

पण खरं टेबल केलं की खेळ बिघडतो ही पण अडचण आहेच. पंधरा मिलिमीटरचे शिपाई म्हणजे साधारण १:१०० स्केल, त्यात सहा फुटाचं टेबल म्हणजे खरे १८० मीटर. जर्मन ८८ मिलिमीटरची तोफ दीड-दोन किलोमीटरवरचा रणगाडा फोडायची, म्हणजे टेबलाच्या हिशोबाने पंधरा-वीस मीटर, तोफ हॉलमधे ठेवायची आणि रणगाडा समोरच्या बिल्डिंगमधे! म्हणून नियमांमधे अंतरं दाबतात आणि टेरेनवाले आडोसा म्हणून वाडी (म्हणजे वाळवंटातले कोरडे ओढे), टेकड्या, गावं नको तितकी पेरतात.

१९८० च्या सुमाराला इंग्लंडमधे पीटर गिल्डरसारख्यांनी देखणी टेबलं केली, त्याचं सुदानचं टेबल तर गाजलं, आणि लोकांना कळलं की पाट जोडून असं पण करता येतं. मग दाट फोमच्या शीट, पांढरा गोंद, वर चाळलेली वाळू, आणि शेवटी ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर हलका रंग. इथेच पिवळा पक्का झाला असं मला वाटतं, कारण फिक्या पिवळ्याने ड्रायब्रश केला की काहीही वाळवंट दिसतं. २००२ मधे न्यूझीलंडच्या बॅटलफ्रंट कंपनीने फ्लेम्स ऑफ वॉर हा खेळ आणल्यावर पंधरा मिलिमीटर फोफावलं, आणि आता तर माउसपॅडसारखी छापील मॅट येते, गुंडाळायची आणि निघायचं.

मी मात्र अजून थर्माकोल, फेविकॉल आणि बांधकामाच्या ढिगातली वाळू चहाच्या गाळणीने चाळून, यावर आहे. पहिल्या टेकडीवर सरळ स्प्रे पेंट मारला तर ती डोळ्यादेखत विरघळून वाडीच झाली, ती तशीच ठेवली. दुसऱ्या वेळी आधी फेविकॉल-वाळूचा थर दिला आणि रंगात मुद्दाम करडा मिसळला, अगदी फोटो समोर ठेवून. मित्र खेळायला आला, टेबलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “कोबा छान झालाय रे, पण वाळवंट कधी करणार?”